रमजानातली आकाशाची मोजणी

आमच्या अस्वानात कुणी आपलंच खरं करायला लागला, की लोक विचारतात, "तू कोण सालेहीन लागून गेलास?" ह्यात टोमणा कमी आणि मान जास्त. कारण सालेहीन आपलंच खरं करायचा, आणि ते खरं निघायचं.

नदीपलीकडच्या टेकडीवरच्या सरकारी केंद्रात तो एकतीस वर्षं एकच काम करत होता. खूप उंचावर, ढगांच्याही कितीतरी वर, उन्हाने हवेत विजेचे कण सुटतात आणि त्यांचा थर बनतो. सूर्य उगवला की तो दाट होत जातो, मावळला की विरळ. केंद्रातलं यंत्र दर पंधरा मिनिटांनी खालून रेडिओच्या लहरी सोडतं, थरावर आपटून त्या परत येतात आणि फिल्मवर एक वाकडी रेघ उमटते. रेघेच्या टोकाला शिंग असतं. ते कुठे संपतं ह्यावरून थर किती दाट ते कळतं. सालेहीन दिव्याच्या काचेवर फिल्म ठेवायचा, पट्टी लावायचा आणि आकडा वहीत लिहायचा. नव्या माणसांना जिथे नुसता धुरकट डाग दिसे, तिथे ह्याला शिंग दिसे. जरा शिकवा म्हटलं की म्हणे, "बघत बस. दिसेल." हे ह्याचं शिकवणं!

गेल्या हिवाळ्यात कैरोहून डॉक्टर निहाल आली. तिशीतली, अंगाने बारीक आणि बोलायला फटकळ. उपग्रह वरून जाताना तोच थर मोजतो. त्याचे तीन वर्षांचे आकडे सालेहीनच्या वह्यांशी ताडून बघायचे, हे तिचं काम. पण खरी गोष्ट केंद्रात सगळ्यांना ठाऊक होती. उपग्रह एकटा पुरतो असं ठरलं, की टेकडीवर कुलूप लागणार. वरून सगळं दिसतंय तर खालून बघणारी माणसं पोसायची कशाला, असं खात्यात कुणी विचारलंही होतं म्हणे.

सालेहीनने पहिल्याच दिवशी तिच्यापुढे चहा ठेवला आणि सांगितलं, "पोरी, माझ्या वहीशी जुळलं नाही, तर तुझा उपग्रह दुरुस्त कर."

"वर चढणार कोण, अम्म? तुम्ही?" ती म्हणाली. अम्म म्हणजे काका. त्या दिवसापासून दोघांचं चांगलं जमलं.

आकडे महिन्यामागून महिना जुळत गेले. फक्त दुसऱ्या वर्षीचा रमजान तेवढा जुळेना. दुपारी सगळं ठीक, पण पहाटे वहीतला थर उपग्रहापेक्षा दाट आणि संध्याकाळी विरळ. निहालने वहीवर भरवसा ठेवला. इतके महिने जो माणूस चुकला नाही, तो ह्याच महिन्यात कशाला चुकेल? त्या महिन्यात उपग्रहाचं उपकरण बिघडलं असणार, असं तिने अहवालाच्या कच्च्या मसुद्यात लिहिलं, आणि खालून तपासणारा माणूस नसता तर हा दोष कळलाच नसता, असंही जोडलं. मसुदा खात्याला पटला. केंद्र चालू ठेवण्याचा निरोप आला. लोकांनी सालेहीनला खांद्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. पक्का अहवाल रविवारी रवाना व्हायचा होता.

सालेहीन मात्र पुन्हा पुन्हा ते आकडे बघत होता. बिघडलेलं उपकरण दिवसभर बिघडलेलं असतं, त्याला पहाट आणि संध्याकाळ काय कळते? हे काही त्याच्या गळी उतरेना. गुरुवारी त्याने कपाटातून त्या महिन्याच्या फिल्मची पेटी काढली. एवढ्या दिवसांत त्याने तिला हात लावला नव्हता. त्याच महिन्यात त्याची बायको नबरा गेली होती.

तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. रमजानभर ती अंथरुणाला खिळलेली, आणि हा रोज पहिल्या होडीने नदी ओलांडून फिल्म वाचायला हजर. मेव्हणी रडून सांगे, भाऊजी, आज तरी थांबा. नबरा स्वतः एकदाच म्हणाली, "आज नका जाऊ." तो गेला, आणि तो होडीत असतानाच तिचा श्वास थांबला. दफन उरकून तिसऱ्या दिवशी तो कामावर आला, साठलेल्या फिल्म वाचल्या आणि वहीतली एकही चौकट रिकामी ठेवली नाही. केंद्राचे साहेब पुढे वर्षभर ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे. कौतुक कसलं डोंबलाचं! पण सालेहीनने ते ऐकून घेतलं. तेवढ्याच आधारावर त्याने ते वर्ष काढलं.

त्याने फिल्म काचेवर ठेवली. प्रत्येक फिल्मच्या कोपऱ्यात यंत्राचं घड्याळ उमटतं, ते आमच्या इथल्या वेळेचं. वहीत मात्र साऱ्या जगाची मिळून जी एक वेळ असते ती लिहायची, उपग्रहही तीच पाळतो. त्यासाठी हिवाळ्यात दोन तास वजा करायचे. उन्हाळ्यात सरकार घड्याळ एक तास पुढे नेतं, म्हणून तीन. पण त्या वर्षी रमजान भर उन्हाळ्यात आला, आणि रोजा घड्याळात तरी लवकर सुटावा म्हणून सरकारने त्या एकाच वर्षी महिन्यापुरतं घड्याळ परत मागे घेतलं. यंत्राचं घड्याळ सालेहीनने स्वतःच्या हाताने मागे फिरवलं होतं. वजा करताना मात्र त्याने महिनाभर तीनच तास केले होते.

म्हणजे सूर्य वर आल्यानंतरचे आकडे त्याने उजाडण्याआधीच्या चौकटीत बसवले होते. उपग्रह बरोबर होता.

हे फक्त त्यालाच कळलं होतं. मिठाची गुळणी धरून बसला असता, तर केंद्रही राहिलं असतं आणि नावही. अस्रच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजापर्यंत तो त्या काचेसमोर बसून राहिला. मग वही आणि फिल्म उचलून निहालच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "मी चुकलो."

तिने आकडे एक तास सरकवून बघितले. दोन्ही रेघा एकीवर एक बसल्या. तिने उठून दार लोटलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "अम्म, मी सगळं एक तास सरकवते आणि अहवालातून तेवढा भाग काढून टाकते. चूक कुणाची, हे लिहायची गरज नाही."

"गरज आहे. उपग्रहावर तू माझ्यामुळे आळ घेतलास. वाचणाऱ्याची चूक म्हणून लिही, आणि खाली माझं नाव घाल."

"आणि केंद्राचं काय?"

"खोट्या आकड्यावर ठेवायचंय का तुला ते?"

निहालने तसं लिहिलं. दुरुस्त अहवाल रविवारी गेला आणि चार महिन्यांनी टेकडीवर कुलूप लागलं. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी सालेहीनने आपल्या वहीतही त्या महिन्याच्या पानावर लाल शाईने चूक नोंदवली आणि सही केली. निहाल बघत होती. तिला राहवलं नाही.

"तुम्ही कधी चुकत नाही, अम्म. नेमकं तेव्हाच कसं झालं?"

"बायको घरी शेवटच्या घटका मोजत होती."

"मग तुम्ही इथे काय करत होतात?"

तिने ते टोचायला विचारलं नव्हतं, तोंडून निघून गेलं. पण एवढ्या दिवसांत त्याला हे कुणीच विचारलं नव्हतं. साहेबाने नाही, मेव्हणीने नाही, आम्हीही नाही.

"चुकीचे आकडे लिहीत होतो," सालेहीन म्हणाला, आणि वहीवर डोकं टेकून रडला.