कुलवृत्तांताची साफसफाई

आमच्या घरी संगणक आला तो बाबांच्या कुलवृत्तांतासाठी. तो बिघडवायचं खातं पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आलं. बाबा सकाळी पूजा आटोपून दोन तास टाइप करत बसायचे, आणि संध्याकाळी मी कॉलेजातून आलो की त्याचं काहीतरी सुधारायचो. सुधारणा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या हाका सुरू व्हायच्या. मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. तिथली उपकरणं बिघडली तर प्राचार्यांना अर्ज करावा लागे, घरी तसं काही नव्हतं.

दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर मला एक संगणकाचं मासिक मिळालं. त्यासोबत एक सीडी होती आणि सीडीवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणारा फुकट प्रोग्रॅम. ते चालवायला मला चार रविवार लागले. पहिल्या रविवारी पडदा काळा झाला, दुसऱ्या रविवारी माउस मेला, तिसऱ्या रविवारी दोन्ही जिवंत झाले पण आवाज गेला. चौथ्या रविवारी सगळं चाललं आणि मी आईला हाक मारून दाखवलं. ती विळीवरून तशीच उठून आली, बघितलं आणि म्हणाली, "आधी पण असंच दिसत होतं की."

मग मी तिला तत्त्व समजावलं. हा प्रोग्रॅम कोणाच्या मालकीचा नाही. आतलं सगळं लिखाण उघडं आहे. कोणीही बघावं, कोणीही दुरुस्त करावं, कोणीही दुसऱ्याला द्यावं.

"म्हणजे आळीतली विहीर," आई म्हणाली.

"बरोब्बर."

"मग गाळ कोण काढतो?"

"जो पाणी भरतो तो."

"म्हणजे कोणीच नाही," असं म्हणून ती फणस चिरायला गेली. मुक्त सॉफ्टवेअरवर मी पुढे पुष्कळ वाचलं, पण त्याची याहून थोडक्यात टीका मला कुठे सापडली नाही.

गावात आमच्या पंथाचे तिघेच होते. दर रविवारी सकाळी आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात भेटायचो आणि कोणतं लिनक्स चांगलं यावर भांडायचो. तिघांत चार मतं असायची, कारण मी आठवड्यात एकदा मत बदलायचो. एका दंतवैद्याच्या संगणकावर आम्ही आग्रहाने लिनक्स चढवलं. त्यात त्याचा पत्त्यांचा खेळ गेला, आणि त्यानंतर माझी दाढ दुखली तेव्हा मी मुकाट्याने चिपळूणला जाऊन काढून आलो.

आमचं सर्वांत मोठं कार्य म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचे शब्द मराठीत आणणं. जगभरचे पंधरावीस मराठी लोक ईमेलवर हे काम करत होते. फाइलला धारिका म्हणायचं की संचिका, यावर तीन आठवडे वाद चालला. मी धारिकेच्या बाजूने लढलो आणि जिंकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक विंडोजऐवजी माझ्या लिनक्समध्येच उघडला आणि बाबांनी हाक मारली, "अरे, इथे फाइल होती ती कुठे गेली? आणि ही धारिका कोण?" त्या अनुवादाचा रत्नागिरी जिल्ह्यातला मी एकमेव वापरकर्ता होतो, आणि खरं सांगायचं तर घाईत असलो की मीही इंग्रजीच लावायचो.

या सगळ्या काळात बाबांचा कुलवृत्तांत मात्र चालला होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी तो हाती घेतला. आमच्या कुळाची घरं कुठे खेडला, कुठे आंजर्ल्याला, कुठे पार इंदूरला. बाबा प्रत्येक घराला पोस्टकार्ड टाकायचे, उत्तर नाही आलं तर एस.टी.त बसून थडकायचे, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर वही उघडून बसायचे. आलेली माहिती टाइप करून ते पान छापायचे, त्या घराला परत पाठवायचे, सोबत दोन ओळी: चुका असतील तर लाल शाईने दुरुस्त करून पाठवाव्यात. मी जगाला जे मुक्ततेचं तत्त्व शिकवत होतो ते हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत पोस्टकार्डावर करत होता. माझ्या मात्र ते लक्षात आलं नाही. मला फक्त दिसायचं की बाबा विंडोजवर टाइप करतात, आणि तेही असल्या जुन्या फाँटमध्ये की माझ्या लिनक्सवर ते सगळे पूर्वज प्रश्नचिन्हं होऊन येतात.

मे महिन्यात कुळाचं संमेलन ठरलं आणि त्यात पुस्तक वाटायचं ठरलं. बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. ते मला म्हणाले, "हे आत्ता झालं तर माझ्या हातून झालं. पुन्हा काही मी एवढं वाचणार नाही. फक्त एक माणूस सुटता कामा नये." एवढं गंभीर ते सहसा बोलत नसत.

मला वाटलं, हीच वेळ. इतकी वर्षं घराने माझी थट्टा केली, आता दाखवू. मी जाहीर केलं की बाबांचं सगळं लिखाण मी नव्या पद्धतीच्या मराठी अक्षरांत बदलून देतो, म्हणजे शंभर वर्षांनीही कुठल्याही संगणकावर वाचता येईल. त्यासाठी मी स्वतः प्रोग्रॅम लिहिला. वेलांट्या जागेवर यायला महिना गेला. भाट्याला मी त्याबद्दल इतका बोललो की बाकीचे दोघे दोन रविवार आले नाहीत.

अक्षरं बदलली, पण एक घोळ राहिला. बाबा तेच पान दोन-दोन फ्लॉप्यांवर ठेवायचे. त्यामुळे सगळं एकत्र केल्यावर पुष्कळ माणसं दोनदा येत होती. एवढी पानं हाताने कोण चाळणार? मी प्रोग्रॅमला एक ओळ जोडली. ज्याचं नाव एक, बापाचं नाव एक आणि गाव एक, तो माणूस एकच. दुसऱ्यांदा आला तर उडव. पापणी लवायच्या आत काम झालं. मी स्वतःवर इतका खूष झालो की बाजारातून आईसाठी मोगऱ्याचा गजरा आणला. तिने काय बिघडलं म्हणून विचारलं.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने दुपारभर किंचाळून सगळा ग्रंथ बाहेर काढला. बाबांनी भिंग घेऊन सकाळपासून वाचायला सुरुवात केली. जेवायच्या वेळेला ते माझ्याजवळ आले.

"अक्षर झकास आलंय," ते म्हणाले. "फक्त मी यात नाही."

"म्हणजे?"

"मी नाही. तूही नाहीस. तुझी आई आहे, पण ती कोणाची बायको ते काही कळत नाही."

मी प्रोग्रॅम तपासला. तो बरोबर होता. मी तसं सांगितलं, "बाबा, प्रोग्रॅम बरोबर आहे. डेटा चुकीचा आहे."

"म्हणजे आम्ही चुकीचे," बाबा शांतपणे म्हणाले. मग माझ्याच कागदाच्या पाठीमागे त्यांनी शाळेतल्यासारखं लिहून दाखवलं. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं ही आमच्याकडची चाल. म्हणजे मी आजोबांच्या नावाचा आणि बाबा पणजोबांच्या नावाचे. माझं नाव, पुढे बापाचं नाव, पुढे गाव, असं लिहिलं की ते आजोबांचंच पूर्ण नाव होतं, कारण त्यांच्या बापाचं नाव आणि माझ्या बापाचं नाव एकच. साऱ्या कुळात पिढ्यान्पिढ्या ही दोन नावांची फुगडी चालली होती, आणि माझ्या प्रोग्रॅमने दुसऱ्यांदा आलेला प्रत्येक जण उडवला होता. म्हणजे मेलेले पूर्वज तेवढे राहिले, आणि हयात मंडळींतली निम्मीअधिक गेली.

"संमेलनाला यायला कोणी शिल्लक ठेवलंन नाही तुझ्या लिनक्सने," बाबा म्हणाले.

मला राग आला. तो खरा माझाच मला आला होता, पण मी तो बाबांवर काढला. माणसांना नावं देताना जरा विचार करायला काय झालं होतं या कुळाला, असंही मी बोललो. आजोबांचं नाव एकतीस वर्षं मिरवणाऱ्याने हे बोलावं! ईमेलवरच्या मंडळींना मी हा प्रकार कळवला तेव्हा एका परदेशी गृहस्थाने सभ्यपणे विचारलं की तुम्ही माणसांना क्रमांक का देत नाही. बाबांना ते वाचून दाखवलं. ते म्हणाले, "त्याला पोस्टकार्ड टाक आणि विचार, त्याचा क्रमांक किती."

एक गोष्ट मी शहाणपणाची केली होती. उडवलेली प्रत्येक नोंद वेगळ्या फाइलमध्ये जमा होत होती. त्यामुळे माणसं परत आणता येणार होती. फक्त कोण खरोखर दोनदा आलाय आणि कोण नातू आहे, हे एकेक करून ठरवायला हवं होतं. छापखान्याला द्यायला आठ दिवस होते. मी रजा टाकली. बाबा पोस्टकार्डांचे गठ्ठे घेऊन शेजारी बसले, मी संगणकावर. मी नाव वाचायचो, बाबा पोस्टकार्ड काढून सांगायचे, "नातू. ठेव." किंवा, "हा खरा दुबार. काढ." आई ओसरीवर आंबोशी वाळवायला कैरीच्या फोडी करत बसायची आणि मधूनच बोलायची, "तो खेडचा ना? ठेवा त्याला. आपल्या दारच्या आंब्यावर त्याचा डोळा आहे, पण ठेवा."

खोटं कशाला बोलू, मला त्या आठ दिवसांइतकी मजा लिनक्सने कधी दिली नव्हती. बाबांना प्रत्येक घराची एक तरी भानगड ठाऊक होती. पुस्तकात छापायची नव्हती, म्हणून ते मला सांगत. सातव्या दिवशी दुपारी आम्ही आमच्या स्वतःच्या घरावर आलो. आमचं घर बाबांनी शेवटी ठेवलं होतं. मला वाटलं, विनयाने.

बाबांना मी परत आणलं. मग माझं नाव वाचलं. "हे आजोबा. हा मी." खाली आणखी एकदा तेच नाव होतं. "आणि हा खरा दुबार," असं म्हणून मी ती ओळ काढायला बोट नेलं. बाबांच्या हातात पोस्टकार्ड नव्हतं.

"काढू ना?" मी विचारलं.

"नको," ओसरीवरून आई म्हणाली.

तिने विळी पाडली, हात पदराला पुसले आणि आत आली. या घरात संगणक आल्यापासून ती त्याच्यासमोर खुर्चीवर कधी बसली नव्हती. बाबा उठले आणि ती बसली.

"तो दुबार नाही," ती म्हणाली. "तुझ्या आधीचा आहे. अकरा महिन्यांचा होऊन गेला. तुझ्या आजीने हट्टच धरलान की घरातलं नाव जाता नये, म्हणून तू झालास तेव्हा तेच तुला ठेवलं."

मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "बारसं झालं होतं त्याचं. बारसं झालेला माणूस कुळातला."

एकतीस वर्षं मी त्या नावाला हाकेसरशी ओ देत आलो होतो. शाळेत, कॉलेजात, ईमेलच्या खाली, सगळीकडे तेच. ते माझ्याआधी घरात कोणाला तरी घालून झालं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. ही ओळ मी आठ-दहा दिवसांपूर्वी पापणी लवायच्या आत उडवली होती आणि खुशीत गजरा घेऊन घरी आलो होतो.

मी ती नोंद जागेवर ठेवली, माझ्या वर. प्रत्येक नोंदीखाली माहितीची एक ओळ असे: शिक्षण, नोकरी, काय केलं. बाबांनी तिथे काहीच टाइप केलं नव्हतं.

आईने पडद्याला बोट लावून विचारलं, "इथे काय लिहितात?"

"त्या माणसाबद्दल असेल ते," मी म्हणालो.

बोटाचा पडद्यावर उठलेला डाग तिने पदराने पुसला. मग म्हणाली, "भिंतीला धरून उभा राहायला लागला होता. ते लिही."

मी लिहिलं. तिला अक्षरं लहान दिसत होती म्हणून मोठी करून दाखवली. तिने ती ओळ बोट फिरवत वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि ही आता कुठे जाणार नाही ना, असं मला विचारलं.