इंजिनाची अंघोळ

मखमलाबाद रस्त्याच्या मळ्यांमधली निम्मी पोरं भागीबाईच्या हातून न्हाऊन मोठी झाली. कुणाकडं बाळंतीण घरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी भागीबाई हजर. पदर खोचायची, तेल कोमट करायची आणि त्या एवढ्याशा जिवाला अशी काही चोळायची की बघणारे डोळे मिटून घ्यायचे. पोर आधी आकांत करायचं आणि मग धुरी घेऊन दुपारपर्यंत ढाराढूर झोपायचं. मुळात बाईला स्वच्छतेचं वेडच होतं. अंगण, दार, म्हशीची शेपटी, झेंडूच्या पाट्या, काहीही मळकं दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. भागीबाईसमोर फार वेळ बसू नये, आपल्यालाही घासून काढेल, असं लोक गमतीनं म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

लोकांची एवढी पोरं न्हाऊ घातली, पण स्वतःचं नातवंड काही अजून हाती आलं नव्हतं. दोन हजार चार साली सून शुभांगीला दिवस भरत आले तेव्हा भागीबाईचा पाय जमिनीवर ठरेना. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत; पण सायखेड्याला शुभांगीच्या माहेरी आई उरली नव्हती. भागीबाईनं व्याह्यांना सरळ सांगून टाकलं, "पोरगी माझ्याकडंच राहील. बाळाला पहिल्या दिवसापासून मीच न्हाऊ घालणार." व्याही कबूल झाले. बाईनं तेल काढून ठेवलं, मऊ लुगडी फाडून दुपटी शिवली, आणि त्या एका अंघोळीसाठी दिवस मोजत बसली.

तिच्या डोळ्यांत सलत होती ती फक्त गाडी. मुलगा भारत अंबडच्या एका कारखान्यात फिटर होता. त्यानं जुनी मारुती व्हॅन घेतली होती. एरवी तिच्यातून झेंडू बाजारात जायचा, आणि शुभांगीला दवाखान्यात न्यायलाही तीच. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उलटी केली की खाली नुसता तेलाचा चिकटा, वर मळ्यातला चिखल, त्यात कुजलेल्या पाकळ्या. गाडी तापली की जळक्या तेलाचा वास सरळ आत यायचा आणि शुभांगी दवाखाना येईपर्यंत ओकून बेजार व्हायची.

"बाळ पहिल्यांदा घरी येणार, ते या उकिरड्यावर बसून?" भागीबाईनं विचारलं.

"मी रविवारी साफ करतो. तू हात लावू नको," भारत म्हणाला. पण आई गप्प बसणारी नव्हती, म्हणून त्यानं तिला सगळं समजावून सांगितलं. इंजिन पूर्ण गार पाहिजे. आधी बॅटरीची वायर काढायची. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि डेल्कोला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधायची. डेल्को म्हणजे ती काळी टोपी, तिच्यातून प्रत्येक प्लगला ठिणगी जाते, तिच्यात पाण्याचा थेंब गेला की गाडी मेली. मग ब्रश, साबणाचं पाणी आणि ओलं फडकं. "पाणी मारायचं नाय आई, पुसून काढायचं. आणि नीट वाळल्याशिवाय सेल्फ मारायचा नाय."

"एवढं तर पोराला न्हाऊ घालतानाबी बघावं लागत नाय," भागीबाई म्हणाली. पण ऐकलं तिनं सगळं.

रविवार यायच्या आतच, भारत पहिल्या पाळीला गेलेला पाहून दुपारी तिनं सीट उलटी केली. शुभांगीची कंबर सकाळपासून धरली होती. भागीबाईनं तिचं पोट चाचपून पाहिलं, "अजून आठवडाभर तरी काय नाय," असं ठासून सांगितलं, अंगणात निखाऱ्यांची शेगडी पेटवून तिला कंबर शेकायला बसवलं आणि स्वतः कामाला लागली. इंजिन गार होतं. बॅटरीची वायर तिनं काढली. पिशव्या बांधल्या. तासभर ब्रशनं घासलं. भारतनं पाहिलं असतं तर त्यालाही नाव ठेवता आलं नसतं.

घात झाला तो पुढं. सगळं इंजिन उजळलं, आणि डेल्कोच्या पिशवीभोवती तेवढा काळा थर तसाच राहिला. आता जिची सगळी हयात बाळांच्या मानेखालच्या आणि काखेतल्या वळ्या धुण्यात गेली, तिला मळ जिथं सगळ्यात जास्त तिथंच पाणी नको, हे पटणार कसं? तिनं थोडा वेळ दम धरला. मग पिशवी सोडली, औषध फवारायचा पाठीवरचा पंप धुऊन भरला आणि नळी थेट त्या काळ्या टोपीवर धरली. मळ भराभर निघाला. कार्बोरेटरला आलेला पेट्रोलचा जुनाट पाइप ब्रशच्या झटक्यानं सैल झाला, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. इंजिन न्हालेल्या पोरासारखं लखलखीत दिसत होतं, आणि बाई स्वतःवर बेहद्द खूश होती.

तेवढ्यात मागून शुभांगीची हाक आली. "आत्या!" सासूला ती आत्याच म्हणायची. भागीबाईनं वळून पाहिलं. शुभांगी खांबाला धरून उभी होती आणि तिच्या पायाखालची फरशी ओली झाली होती. गर्भाचं पाणी गेलं होतं. आठवडाभर काही नाही म्हणणाऱ्या भागीबाईच्या तोंडचंही पाणी पळालं.

नशिबानं भारत तेव्हाच पाळी सुटून घरी आला. त्यानं शुभांगीला धरून गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं, मग पुढं ओलं इंजिन पाहिलं आणि थबकला. वायर जोडून त्यानं सेल्फ मारला. इंजिन नुसतं खॅक खॅक करत राहिलं. पुन्हा मारला, पुन्हा मारला. प्रत्येक सेल्फबरोबर इंजिनाचा पंप पेट्रोल ओढत होता आणि ते सैल पाइपातून खालच्या पत्र्यावर गळत होतं, पण त्या गडबडीत वासाकडं कोण लक्ष देतो? भारतनं डेल्कोची टोपी उघडली. आत पाणी.

"आई, पंप मारलास?"

भागीबाईला खोटं बोलता आलं नाही. "मारला."

तो तिच्यावर ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो ओरडला नाही. "मी गोटीरामभाऊंची जीप आणतो. तू हिच्यापाशी थांब, कोरड्या फडक्यानं पुसत राहा," एवढं म्हणून तो पाण्याच्या पाटावरून पळत सुटला.

गोटीरामचा मळा पाटापलीकडं. जीप जागेवर असेल की नसेल, देव जाणे. मागं शुभांगी कळ आली की सीटचं रेक्झिन नखांनी ओरबाडत होती. भागीबाई डेल्को पुसत होती, पण खाचेतला ओलावा काही हटेना. आपल्या हट्टापायी पोरीचं काही बरंवाईट झालं तर? या विचारानं तिचं डोकंच चालेनासं झालं. आणि डोकं चालेनासं झालं की माणूस हाताच्या सवयीनं वागतं. पोर न्हालं की त्याला शेगडी दाखवायची, ऊब द्यायची, वाळवायचं. अंगणातली शेगडी अजून रसरसत होती. भागीबाईनं ती कडीला धरून उचलली आणि गाडीखाली, बरोबर इंजिनाच्या पोटाखाली सरकवली.

इंजिनावर वाफ धरू लागली. वाळतंय, या आनंदात ती आणखी जोरानं पुसू लागली. तेवढ्यात खालून फुस्स असा आवाज आला. तिनं वाकून पाहिलं. वरच्या पत्र्याच्या कडेला एक थेंब धरला होता. तो सुटला, शेजारच्या मातीत पडला. दुसरा निखाऱ्याच्या कडेवर पडला आणि हातभर निळसर जाळ उठून विझला. पाण्यानं निखारा विझतो, पेटत नाही. भागीबाईला कळलं. नाकात पेट्रोलचा वास भरला.

"शुभांगी, उतर! उतर खाली!"

"नाय उठवत आत्या..." शुभांगी कळवळून म्हणाली. तिला कळ आली होती.

तिला ओढून काढायचं तर ऐन कळेत अवघडलेली बाई, किती वेळ लागणार? आणि पत्र्याच्या कडेला पुढचा थेंब जमत होता. भागीबाई पोटावर पडली आणि गाडीखाली घुसली. शेगडीची कडी नेमकी पलीकडच्या बाजूला. काठी शोधायला, पदर गुंडाळायला वेळ नव्हता. तिनं दोन्ही तळहातांनी शेगडीचा तापलेला पत्रा धरला आणि ओढला. थेंब पडला तो तिच्या मनगटाशी, मातीत. मांस भाजल्याचा वास तिचा तिलाच आला. हात सोडायचे नाहीत, एवढंच तिला कळत होतं. ती गाडीबाहेर आली, उठली आणि झेंडूच्या सरीत नुकतंच सोडलेलं पाणी होतं त्यात शेगडी फेकली. वाफेचा लोट उठला. मग ती दार उघडून सुनेजवळ बसली आणि हात पदराखाली लपवून म्हणाली, "झालं हां बाई, आलाच भारत."

भारत आला जीप घेऊन. सरीतली शेगडी, गाडीखालचं पेट्रोल, आईचा चेहरा, त्याला सगळं न सांगता उमगलं. दवाखान्यात शुभांगीला आत नेल्यावर नर्सनं भागीबाईचे हात पाहिले आणि तिला दुसऱ्या खोलीत नेलं. मलमपट्टी होत असताना भारत दारात उभा होता.

"आई, आज माझं सगळं घर जळलं असतं."

"माझ्या हातानं जळलं असतं," भागीबाई म्हणाली. आणि मग ती रडली. कुणासमोर न रडणारी बाई, पण त्या दिवशी तिनं लपवलं नाही.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्याच व्हॅनमधून, नवा पाइप टाकून आणि दोन दिवस उन्हात उभी करून, भारतनं त्यांना घरी आणलं. गाडीत वास नव्हता. पण भागीबाईच्या दोन्ही हातांना बोटांच्या टोकांपर्यंत पट्ट्या होत्या. आणखी महिनाभर हाताला पाणी लागू द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या मळ्यातल्या कुसाबाईला बोलावलं. कुसाबाई न्हाऊ घालायची, पण तिचा हात धसमुसळा, असं भागीबाईनंच सगळ्या मळ्यांत बोलून ठेवलेलं. न्हाणीत पाणी काढलं, तेल कोमट झालं. भागीबाई बाहेर ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसली. आत जाऊन बघायचं धाडसच तिला होईना.

शुभांगी बाळाला घेऊन हळूहळू बाहेर आली.

"आत्या, आत चला."

"मी येऊन काय करू? हे हात का कामाचे?"

"हात कुसामावशीचे राहू द्या," शुभांगी म्हणाली. "पण पोरगी तुमच्याच पायांवर न्हाईल. नायतर आज अंघोळच नाय."

भागीबाई उठून न्हाणीत गेली. कुसाबाईनं बसायचा पाट पुढं सरकवला. भागीबाई पाटावर बसली, पट्ट्यांचे हात वर धरले, कुसाबाईनं तिची साडी गुडघ्यापर्यंत सारली आणि तिनं दोन्ही पाय लांब करून जोडले. शुभांगीनं वाकून नात त्या पायांवर पालथी ठेवली. तो इवलासा, ऊबदार भार नडगीवर आला तशी भागीबाई हलायचीच थांबली. कुसाबाईनं तेल घेतलं आणि धसमुसळ्या हातानं चोळायला सुरुवात केली. पोरगी जिवाच्या आकांतानं रडू लागली. भागीबाईनं जन्मात पहिल्यांदा दुसरीच्या हाताला नाव ठेवलं नाही.