सरांच्या तोंडाकडे बघणारी पिचर

जळगावच्या एका शाळेच्या बेसबॉल संघात पुनम तीन वर्षं चेंडू टाकणारी पिचर होती. म्हणजे प्रेमराज सरांच्या मनात येईल त्या दिवशी होती. सोमवारी सर सगळ्यांसमोर म्हणायचे, “आपली मेन पिचर पुनमच.” बुधवारी तिला मैदानाच्या टोकाला उभं करून चेंडू सारिकाच्या हातात. शुक्रवारी सारिकाही बाकावर. का, ते विचारायची सोय नव्हती. सर दुष्ट होते असं नाही. दुष्ट माणसाचा निदान अंदाज तरी येतो.

त्यांची एक खोड मात्र जीवघेणी होती. चेंडू हवेत उडाला की ते बाकावरून नाव ओरडायचे. ज्या पोरीचं नाव, तिनेच झेल घ्यायचा. एकदा पुनमने नाव येण्याआधीच झेल घेतला, तर “जास्त शहाणी झालीस?” म्हणून दोन सामने बसवली. पुढच्या महिन्यात ती नावाची वाट बघत थांबली, तर “हात मोडले होते का?” म्हणून पुन्हा बसवली. संघ हरतच राहिला. पोरींना मात्र एक सवय पक्की लागली. चेंडू उडाला की आधी सरांकडे बघायचं, मग वर.

यंदा नशिबाने साथ दिली. जिल्ह्यात दोनच संघ होते, त्यातला एक आलाच नाही. धुळ्याच्या विभागीय स्पर्धेतही पोरी कशाबशा अंतिम सामन्यापर्यंत पोचल्या. हा जिंकला की राज्य स्पर्धा, तिथे पदक मिळालं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज. पुनमला आयुष्यात तेवढंच हवं होतं. त्यासाठी ती तीन वर्षं पहूरहून पहिल्या एसटीने सरावाला येत होती. आता बारावी, पुढे शाळाच नाही.

तिच्या आईचे वडील, झुलाल आबा, जवळच्या खेड्यातून सामना बघायला आले होते. खेळ त्यांना काडीचा कळत नव्हता. मध्येच शेजारच्याला म्हणाले, “बठ्ठ्या पोरी मास्तरना तोंडकडे देखतीस. चेंडू कोन देखस?” “सगळ्या मास्तरांकडेच बघतात खऱ्या,” म्हणत शेजारचा हसला.

शेवटचा डाव. एका धावेची आघाडी, समोरच्यांचा शेवटचा गडी, त्यांच्या दोन पोरी धावायच्या तयारीत. पुनमने चेंडू टाकला. बॅटची नुसती कड लागली आणि चेंडू सरळ वर गेला, पुनम आणि बॅटवालीच्या मागे बसलेली कॅचर हुमा यांच्या मधोमध. पाचवीतल्या पोरीनेही घेतला असता असा झेल. दोघींनी बाकाकडे बघितलं.

सर पाठमोरे होते. चहावाल्याकडून कप घेत होते.

चेंडू दोघींच्या मध्ये पडला. तो उचलून फेकेपर्यंत दोन्ही पोरींनी धावत येऊन दोन धावा पूर्ण केल्या होत्या. सामना गेला, राज्य स्पर्धा गेली.

“आंधळ्या आहात का गं?” सर धावत आले, हातातला चहा सांडत. “समोरचा चेंडू दिसत नाही? सगळं मीच सांगायचं?”

परतीच्या गाडीत सरांचा राग पारोळ्यापर्यंत टिकला. मग शेंगा सोलत त्यांनी मागे वळून बघितलं. “पुनम, मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वर्षी मेन पिचर तूच, शब्द देतो.”

ती बारावीला आहे, हेही त्यांच्या लक्षात नव्हतं.

“हो सर,” ती म्हणाली, आणि उत्तर बरोबर आलं की नाही हे बघायला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.