पिवळा पळस

जंगलात फुलं ओळखायला जाणाऱ्यांना फुलं कमी आणि किस्सेच जास्त सापडतात. आमचा खामगावचा रविवारचा ग्रुप बघा ना! आठ वर्षं झाली, माघ-फाल्गुनात घाटात हिंडतोय. फुलांची यादी अजून एका वहीत मावते. किस्से मावत नाहीत.

* * *

जोशी सर आमचे गुरू, कॉलेजात बॉटनी शिकवून रिटायर झालेले. एकदा गणेरीचं झाड दिसलं. पान एक नाही, नुसती पिवळीधमक फुलं! सरांनी पायवाटेतच उभं राहून लॅटिन नाव, कुळ, पाकळ्या, पुंकेसर असं सगळं सुरू केलं. मागे एक मेंढपाळ बराच वेळ ताटकळला होता. शेवटी म्हणाला, "मास्तर, बारसं झालं असन तर सरका, मेंढ्या तहानल्या हायेत!"

* * *

नांदुऱ्याचे गोपालभाऊ धान्याचे व्यापारी. ग्रुपवर पळसाचा फोटो पाहून एकदम भारावले. "काय फूल हाये राजेहो! नर्सरीत भेटन का?"

त्यांच्याच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तीन पळस होते. पिकावर सावली पडते म्हणून त्यांनीच मागच्या साली तोडले.

* * *

एका उतारावर धायटी लालभडक फुलली होती. पुढच्या रविवारी पाहतो तर जेसीबीनं सगळी साफ, आणि वर फलक : वृक्षलागवड! तिथल्या ठेकेदाराला विचारलं, "धायटी काऊन काढली?"

"ते झुडूप व्हतं मॅडम, झाड थोडीच!" आणि मग हळूच, "उद्घाटनाच्या बॅनरले फुलाचा फोटो पाहिजे व्हता. तुमच्याजवळ असन ना?"

* * *

पुढचा किस्सा माझ्या मूर्खपणाचा. पळस केशरी असतो. पिवळा लाखात एखादा, आणि तो ओळखायचा फक्त फुलावरून. मला तो सापडला. आनंदाच्या भरात मी फोटो ग्रुपवर टाकला, वर लोकेशनसुद्धा! त्याच्या मुळीनं गुप्तधन दिसतं असं आपल्याकडे लोक मानतात, हे मला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे!

आठवड्यात तिथे नुसता खड्डा उरला. गुप्तधन कोणाला मिळालं माहीत नाही. झाड मात्र माझ्यामुळे मेलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

* * *

आमचे वाटाडे रहीमचाचा, जंगलात मजुरी करून म्हातारे झालेले. तो खड्डा त्यांनीही पाहिला होता. यंदा ते स्वतःहून म्हणाले, "अजून एक पिवळा हाये. चला. मोबाईल गाडीतच ठिवा."

दोन तास चाललो. आजूबाजूचे पळस केशरी फुलांनी भरलेले, आणि चाचांनी दाखवलेल्या झाडावर एकही फूल नाही!

जोशी सरांनी विचारलं, "चाचा, हा पिवळा कशावरून?"

चाचांनी झुडपाआडून बांबूची आकडी आणि एक पोतं बाहेर काढलं. पोत्यात पिवळ्या कळ्या होत्या, काही ताज्या, काही वाळलेल्या.

"दरसाली फुलायच्या पहिले येतो. एकबी ठिवत नाही."

मला राहवलं नाही. "अहो चाचा, मग शेंगा कशा धरणार? एकदा तरी फुलू द्या की त्याला!"

चाचा पोत्याचं तोंड बांधत म्हणाले, "फुललेलं तुमी पाह्यलं व्हतं ना, मॅडम?"