कोरड्या ओढ्यावरचं घरटं

लोइताच्या माळावर बाईमाणसानं शेळ्या राखायला नेणं काही नवं नव्हतं, पण नोलारीच्या वयाची, रोज एकटी ओढ्यापर्यंत जाणारी दुसरी कुणी नव्हती. नवरा वारल्यावर गायी दिराकडे, कोइकायकडे गेल्या. मुलगा नैरोबीत कुणाच्या तरी फाटकावर पहारेकरी म्हणून उभा राहायला गेला. मागे उरल्या शेळ्या, एक कुत्रा, सून रेसियातो आणि तिचं तान्हं पोर. त्या वर्षी मोठा आणि छोटा, असे दोन्ही पाऊस चुकले. रेसियातोचं दूध आटलं आणि पोर शेळीच्या दुधावर आलं.

ओढ्याकाठच्या उंच बाभळीवर गरुडाचं घरटं होतं. शेळ्या चरायला सोडून नोलारी समोरच्या खडकावर बसायची. तिथून घरट्यातलं सगळं दिसायचं. नर ससा, मुंगूस, कधी घोरपड आणून टाकायचा आणि लगेच निघून जायचा. मादी शिकार फाडायची आणि तिचे बारीक तुकडे करून पिल्लाच्या चोचीत द्यायची. नोलारीचा दिवस त्यात बरा जायचा. घरी येऊन ती सुनेला म्हणायची, "तुझा नवरा काही धाडत नाही. त्या बाभळीवरचा बघ, न सांगता आणून देतो." रेसियातोला त्याचं हसू येत नसे.

मग माळ उजाड झाला. ससे दिसेनात, हरणं पाण्याच्या मागे लांब गेली. एके सकाळी नर आभाळातून दगडासारखा खाली आला आणि कळपातलं सगळ्यात लहान करडू उचलून गेला. करडू गेलं तशी त्याची आई पान्हा चोरू लागली. नोलारीनं कास चोळून पाहिली, मीठ चाटवून पाहिलं, पण शेळी दूध सोडेना. आठवडाभरात दुसरं करडू गेलं. पोर रात्रभर किरकिरायचं आणि सून भिंतीकडे तोंड करून पडायची.

तिसरं करडू मादीनं मारलं. ते तिला उचलवेना, म्हणून जागेवरच खायला बसली. नोलारीनं काठी फेकून तिला हाकललं. संध्याकाळी कोइकाय आला तो पिकावरच्या औषधाची निळी पूड पुडीत बांधूनच. अर्धी राहिलेली शिकार खायला गरुड परत येतो, हे त्याला ठाऊक होतं.

"तिचं पिल्लू अजून लहान आहे, भावजी," नोलारी म्हणाली.

"तुमच्याही घरात लहानच आहे की."

मेलेल्या करडाचे पाय तिनंच धरले आणि कोइकायनं त्याच्या पोटात पूड भरली.

दुसऱ्या दिवशी मादी बाभळीखाली पंख पसरून पडली होती. कुत्र्यानं ते करडू कधी हुंगलं, कधी चाटलं, कुणाला कळलंच नाही. दुपारपर्यंत तोंडाला फेस येऊन तोही गेला. कोइकायनं दोघांना आणि त्या करडाला काट्याकुट्यांवर घालून जाळलं.

नर मात्र येत राहिला. कुठून तरी लांबून रानकोंबडी आणायचा, घरट्यात टाकायचा आणि पुन्हा शिकारीला जायचा. फाडून भरवणं त्याचं काम नव्हतं. पिल्लू त्या कोंबडीच्या पिसांवर चोच मारायचं. चोच अजून कोवळी होती, कातडं फाटत नव्हतं. कोंबडीवर मुंगूस पडलं, मुंगसावर साप पडला. एवढ्या मांसात बसून ते पिल्लू भुकेनं ओरडत होतं. खडकावर बसलेल्या नोलारीला ते ओरडणं नेमकं कळत होतं. घरीही ती तेच ऐकून आली होती.

तिनं कोइकायला बाभळीवर चढायला सांगितलं.

"चढून काय करू? भरवू त्याला?"

"हो."

ती थट्टा करत नाही हे कळल्यावर तो उठला आणि आपल्या गायींकडे निघून गेला. मग ती स्वतः चढली. पहिल्या बेचक्यापर्यंत पोचली तोवर तळहात काट्यांनी फाटले होते आणि पुढची फांदी हाताला लागत नव्हती. तिथं बराच वेळ बुंध्याला मिठी मारून ती वरचं ओरडणं ऐकत राहिली आणि मग कशीबशी खाली उतरली. दोन दिवसांनी आवाज थांबला. नरानं त्यानंतरही एक ससा आणून टाकला. मग तो दिसला नाही.

कुत्रा नव्हता, म्हणून कोल्हे कुंपणापर्यंत येऊ लागले. गरुडांनी नेली नव्हती एवढी करडं त्यांनी नेली. शेवटी कळपात दूध देणारी एकही शेळी उरली नाही. पोराच्या मानेत त्राण राहिलं नाही, तेव्हा रेसियातो त्याला पाठीशी बांधून कोइकायच्या दारात जाऊन बसली. त्याच दुपारी तो एक दुभती गाय हाकत नोलारीकडे आला.

नोलारीनं गायीच्या कासेकडे पाहिलं.

"ही तेव्हा का नाही आणलीत, भावजी?"

"तुम्ही मागितली नव्हती, वहिनी. पूड चालेल म्हणालात."

आपण तसं म्हणालो होतो का, हे तिला आठवेना. तिनं दूध काढायचा पोकळ, वाळका भोपळा घेतला, काट्यांचे वण राहिलेल्या हातांना तूप लावलं आणि गायीजवळ बसली. पोर जगलं.