फिलूने न बोललेलं वाक्य

काल उत्तनच्या किनाऱ्यावर सुक्या बोंबलांचा वास आला आणि भाईंदरच्या शाळेतली एक तालीम आठवली. साल अडुसष्ट असावं.

नाटकात समुद्रावर गेलेला मुलगा परतत नाही. आईचं काम उत्तनच्या फिलूकडे होतं आणि पुस्तकात तिला पानभर विलाप होता. नाटकाच्या सरांनी तिला विचारलं, "होडी उशिरा आली की तुझी आई काय करते?"

"जाळं सांधते, सर. बोलत न्हाय."

"मग तेच करून बघ."

नाटक संमेलनात घ्यायचं की नाही, हे ठरवायला हेडमास्तर तालमीला आले. फिलू जाळं घेऊन बसली. वर्गात फक्त दोरा ओढल्याचा आवाज येत होता. मी प्रॉम्प्टर होतो. ठरलेलं मला ठाऊक होतं, पण शांतता इतकी लांबली की मी घाबरून तिचं वाक्य कुजबुजलो, मग मोठ्याने म्हटलं. सरांनी माझ्या पुस्तकावर हात ठेवला. 

"काय गं, विसरलीस?" हेडमास्तर कडाडले.

फिलूने मान वर केली नाही. "होडी आली न्हाय अजून. आल्याशिवाय काय बोलू?"

 हेडमास्तर हळूच खुर्चीत टेकले. "चालू दे," म्हणाले.

फिलूने वेळ मारून नेली, असं मला तेव्हा वाटलं होतं.

काल वाळूत एक बाई जाळं सांधत बसली होती. मी तिला चर्चचा रस्ता विचारला. ती समुद्राकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं नाही.