चौदाव्या मजल्यावरची कोल्हेकुई

गुरुग्रामला राहायला गेलो त्याच दिवशी, दिवेलागणीच्या सुमाराला, शेजारच्या फ्लॅटमध्ये कोल्हा ओरडला. खोकी अर्धवट उघडलेली, गॅस जोडायचा राहिलेला, माझा तान्हा ओजस कडेवर, आणि भिंतीपलीकडून ती लांबलचक कुई. खालून वर चढत गेली आणि शेवटी मोडली. पुन्हा आली, तेव्हा मी तरातरा गेले आणि बेल दाबली. दारात सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. अंगावर सुती साडी, पायांत स्पोर्ट्स शूज, गळ्यात दुर्बीण.

"आंटी, ये क्या..." मी सुरुवात केली. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, माझं मनगट धरलं आणि मला ओढत थेट बाल्कनीत नेलं.

"मराठी आहेस ना? सकाळपासून नवऱ्याला ओरडतेयस, ऐकलंय मी. आता जरा गप्प राहा. उत्तर यायचंय."

समोर अरवलीची एक बुटकी टेकडी काळोखात बुडत चालली होती. एवढ्या उंचावरून तिच्यावर बाभळी सोडून काही दिसत नव्हतं. आणि मग खरोखरच उत्तर आलं. आधी एक बारीक आवाज, मग दुसरा, मग सगळी टोळीच. ओजस रडायचा थांबला आणि मी भांडायला आले होते हे विसरले. बाईंनी वर्गातली हजेरी संपवावी तशी मान हलवली. "आहेत सगळे. चल, चहा टाकते. तुझा गॅस अजून लागला नसेल."

या कुंदाताई ठोसर. वर्ध्याकडच्या एका लहानशा स्टेशनवर वडील स्टेशनमास्तर होते. तिथल्या रूळ बदलणाऱ्या पॉइंट्समनने या मुलीला दोन गोष्टी शिकवल्या. येणारी गाडी रुळाला कान लावून ओळखायची, आणि कोल्ह्यांना हाक मारून त्यांच्याकडून उत्तर घ्यायचं. पहिली विद्या दिल्लीत काही कामाला आली नाही, दुसरीवर त्या आयुष्यभर खूश होत्या. नवऱ्याची मिलिटरी अकाउंट्समधली नोकरी, त्यामुळे लग्न होऊन त्या दिल्लीला आल्या आणि एका शाळेत निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवत राहिल्या. मग दोघं इथे गुरुग्रामला राहायला आली. नवरा गेल्यावर पुण्याची मुलगी बोलवत होती, पण या हटल्या नाहीत. "माझी टोळी इथं आहे," म्हणायच्या.

आमच्या सोसायटीत कुत्र्याच्या भुंकण्यावरूनही व्हॉट्सअॅप ग्रुपवर महायुद्ध पेटायचं, तिथे ही रोजची कोल्हेकुई कशी खपावी? सेक्रेटरी समज द्यायला वर आले. कुंदाताईंनी त्यांना चिवडा दिला, बाल्कनीत उभं केलं आणि म्हणाल्या, "पहले आप।" ते भले गृहस्थ इकडे-तिकडे बघत चोरट्यासारखं एकदा ओरडले. उत्तर आलं नाही. ते हिरमुसले, तर त्यांची समजूत घालायला कुंदाताई तयारच. "अरे, उसमें क्या है? पूछना अपना काम है। जवाब देना उनकी मर्ज़ी।" हेच वाक्य त्या मला मराठीतून आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायच्या. माझी प्रमोशनची मेल अडकली होती तेव्हाही ऐकवलं होतं. सेक्रेटरीसाहेब त्यानंतर तक्रार घेऊन कधी आले नाहीत, मात्र संध्याकाळी त्यांच्या बाल्कनीतला दिवा बंद असायचा आणि आत कुणीतरी उभं असायचं.

मला मात्र त्या वेळी हे ओरडणं जमायचं नाही. लोक काय म्हणतील ही भीती मी सांगलीहून येताना बरोबरच आणली होती. कुंदाताई आग्रह करायच्या, मी ओजसला पुढे करायची.

पुढच्या संक्रांतीला ओजसचं बोरनहाण करायचं मी ठरवलं. हलव्याचे दागिने पार्सलने आले, चुरमुरे मिळाले, बोरं अडली. बाजारात होती ती सफरचंदाएवढी. कुंदाताईंनी एक उचलून बघितलं. "हे काय डोक्यावर ओतायचं? पोराचं टाळकं फुटेल!" दुसऱ्या दिवशी त्या सकाळीच गायब. परतल्या त्या हातांवर ओरखडे, पदर फाटलेला आणि पिशवीभर लहान लहान गावठी बोरं घेऊन. शहराच्या बाजूला, मोठं मैदान ओलांडून गेलं की दगडाची एक बंद पडलेली खाण आहे. तिथे बोरींची रानंच्या रानं माजलीत म्हणे. ओजसने डोक्यावरून घरंगळलेली बोरं वेचली, त्यातली एक नाकात घातली आणि समारंभ पार पडला. त्या बोरांचं एवढं सांगते आहे ते उगाच नाही, पुढे कळेल.

त्याच सुमाराला बातमी आली की टेकडी आणि ते मैदान यांच्या मधून रुंद रस्ता काढायचा आहे, आणि त्यासाठी टेकडीची अर्धी बाजू कापायची आहे. सरकारी कागदावर लिहिलं होतं, झुडपी, ओसाड जमीन, वन्य प्राणी नाहीत. शहरातल्या तरुण मंडळींनी याविरुद्ध कोर्टात जायचं ठरवलं आणि त्या खर्चासाठी एक दणदणीत संगीताचा कार्यक्रम. नावाजलेले गायक फुकट गायला तयार झाले. ही धावपळ करणारी रिद्धिमा नावाची मुलगी कुंदाताईंची जुनी विद्यार्थिनी. ती आमंत्रण द्यायला आली तर टीचरनी तिलाच फैलावर घेतलं.

"टेकडीसाठी कार्यक्रम आणि टेकडीच्याच कानाशी भोंगे? दिमाग ठिकाने पर है?"

"टीचर, तो क्या करें? आप बताइए।"

टीचरनी सांगितलं. कार्यक्रम मैदानावर, पण दुपारी. सूर्य मावळला की सगळं बंद. आणि भोंग्यांची पाठ टेकडीकडे, तोंड शहराकडे. "सुनने की ज़रूरत शहर को है।" रिद्धिमाने सगळं मान्य केलं, वर आपली अट घातली. शेवटचा कार्यक्रम टीचरचा. सूर्यास्ताला, हजारो लोकांपुढे, त्यांनी टेकडीला हाक मारायची. उत्तर आलं की 'वन्य प्राणी नाहीत' म्हणणाऱ्यांना तेच उत्तर. कुंदाताई लगेच हो म्हणाल्या.

रिद्धिमा गेल्यावर त्या बराच वेळ दुर्बिणीच्या काचा पुसत बसल्या. मग म्हणाल्या, "मंजिरी, संक्रांतीपासून उत्तर आलेलं नाही गं."

मला हे माहीत होतं. दिवाळीच्या फटाक्यांनंतर टोळीचा आवाज विरळ झाला होता आणि आता तर काहीच नव्हतं. रोज कुई जायची आणि टेकडी गप्प. कुंदाताई रोज तेवढाच वेळ थांबायच्या आणि आत येऊन चहा टाकायच्या. हाक मारली आणि उत्तर आलं नाही, तर सगळ्या शहरासमोर आपणच साक्ष देऊ की टेकडी खरंच ओसाड आहे. त्यांना हसं होण्याची भीती नव्हती, टेकडी हातची जाईल याची होती.

मी व्यवहारी सल्ला दिला. माझ्या मोबाइलवर जुनं रेकॉर्डिंग होतं, टोळीच्या टोळी ओरडतानाचं. ते भोंग्यावरून हळूच वाजवलं तर कुणाला कळणार होतं? मी रिद्धिमाला फोनवर सगळं सांगितलं, तिलाही ही कल्पना पसंत होती. कुंदाताईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी थेट सातवीच्या बाकावर जाऊन बसले. "प्रयोगाआधी निष्कर्ष लिहिणाऱ्या पोरांना मी भोपळा दिलाय. तुला तर एवढी मोठी पोरं आहेत म्हणून घरी सोडते." पोर एकच होतं आणि तेही दीड वर्षाचं, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला आणि काय सांगू! फेब्रुवारीचं मऊ ऊन, हवा कधी नव्हे ती स्वच्छ, आणि मेट्रोतून, कॅबमधून, ई-रिक्षांतून माणसांचा नुसता लोंढा. नोएडाहून कॉलेजची मुलं आली होती, गावांतून पागोटी बांधलेले म्हातारे ताऊ आले होते, आमचे सेक्रेटरी सहकुटुंब आले होते. ओजसला नवऱ्याकडे सोपवून मी कुंदाताईंबरोबर. गेटवर सिक्युरिटीने त्यांची दुर्बीण अडवली. "मैडम, ये अलाउड नहीं है।" "बेटा, मैं ही प्रोग्राम हूँ," कुंदाताई म्हणाल्या आणि आत शिरल्या.

पहिला ढोल वाजला आणि माझ्या छातीत धडधडलं. कुंदाताईंनी आधी कानांत बोटं घातली, मग एक काढलं, मग दुसरं. एका हरयाणवी गायकाने टेकडीवरचं गाणं सुरू केलं, ताऊ लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि बघते तर या पदर खोचून, स्पोर्ट्स शूज आपटत नाचतायत! शेजारच्या पोरी त्यांच्याभोवती गोल करून नाचायला लागल्या. "हौ ना, बाप्पा! काय मजा करून राहिले हे लोक!" ताई ओरडल्या. त्यांचं वऱ्हाडी फक्त अतिआनंदात बाहेर यायचं. मीही नाचले. कोण बघतंय हे पाहायलासुद्धा विसरले. मागून पुढून सगळी माणसं एकाच ओळीवर गात होती, आणि आपण या परक्या शहरात पाहुणे नाही असं मला तिथे आल्यापासून पहिल्यांदा वाटलं. फार सुख झालं.

ऊन उतरलं. भोंगे बंद झाले. कुंदाताईंचा हात माझ्या हातात होता. "ताई, अजून नको म्हणता येईल," मी म्हटलं. त्यांनी हात सोडवून घेतला, पदर सारखा केला आणि त्या पायऱ्या चढल्या.

"एक मिनट। मोबाइल जेब में। ताली नहीं, सीटी नहीं," त्या माइकवर म्हणाल्या. हा आवाज ज्याने शाळेत ऐकलाय तो गप्प होतोच, आणि शाळेत सगळेच गेलेले असतात. एवढा जनसमुदाय हळूहळू निःशब्द झाला. मग कुंदाताईंनी माइक बाजूला केला, लोकांकडे पाठ फिरवली, टेकडीकडे तोंड केलं आणि हाक मारली.

टेकडी गप्प. त्यांनी पुन्हा हाक मारली, आणखी लांब, आणखी वर. काही नाही. कुणीतरी खुसखुसलं. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज शेवटी फाटला. मी पुढच्या कठड्याला घट्ट धरून उभी होते आणि देवाला नाही नाही ते कबूल करत होते.

त्या वळल्या, माइक हातात घेतला. "जवाब नहीं आया," सरळ सांगितलं. "जो है, वो है। मैं कल फिर पूछूँगी।"

आणि तेवढ्यात आमच्या पाठीमागून, पार शहराच्या बाजूने, एक बारीक कुई उठली.

आधी मागच्या लोकांच्या माना वळल्या, मग सगळ्याच. "पीछे! पीछे से!" दुसरी कुई, तिसरी, आणि मग अख्खी टोळी, मोकळ्या गळ्याने. खाणीकडून! टेकडीवर नव्हतेच ते, आणि खाणीपर्यंत आमच्या बाल्कनीतली हाक पोचत नव्हती. मंचावर कुंदाताईंनी फाडकन कपाळावर हात मारला आणि हिंदी साफ विसरून माइकमध्ये ओरडल्या, "बोरं! अगं मंजिरी, बोरं गं, बोरं!"

त्या गर्दीत त्याचा अर्थ कळलेली बहुधा मी एकटीच. मी उड्या मारत किंचाळले. ओजसच्या डोक्यावर ओतली ती बोरं ज्या झुडपांची, त्याच झुडपांखाली आमची टोळी हिवाळाभर मेजवानी झोडत होती. कोल्ह्यांना बोरं आवडतात हे या बाईंनी जन्मभर पोरांना शिकवलं आणि स्वतः पिशवी भरून आणताना त्यांच्या ध्यानात आलं नाही. वर त्यांच्याच हट्टापायी दुपारभर भोंग्यांचं तोंड नेमकं तिकडे!

"बेर खाने गए थे!" कुंदाताई आता हिंदीत सांगत होत्या, हसत आणि डोळे पुसत. "वो पहाड़ी उनका घर है, वो खदान उनकी रसोई। बीच में इतनी बड़ी सड़क डालोगे, तो बेचारे खाना खाने कैसे जाएँगे?" मग ज्या टाळ्या पडल्या त्या मी पुन्हा कुठे ऐकल्या नाहीत. ताऊंनी पागोटी उडवली. आमचे सेक्रेटरी बायकोच्या देखत कोल्ह्यासारखे ओरडले.

प्रकरण कोर्टात अजून चालू आहे. जमिनीची पुन्हा पाहणी करायचं ठरलं आणि यंत्रं थांबली, एवढं खरं. कुंदाताई मात्र यंदा पुण्याला गेल्या. गुडघे साथ देईनात. जाताना दुर्बीण ओजसच्या गळ्यात घातली आणि मला फक्त, "विचारत राहा," म्हणाल्या. लिफ्टचं दार बंद झालं आणि मी कुणाची पर्वा न करता कॉरिडॉरमध्ये रडले.

त्या संध्याकाळी ओजसला घेऊन बाल्कनीत उभी राहिले आणि आधी आजूबाजूच्या बाल्कन्यांत कोण आहे ते बघून घेतलं. ओजसने माझ्याकडे पाहिलं, दुर्बीण सावरली आणि सुरू झाला. मग मीही. रोज दिवेलागणीनंतर पुण्याहून फोन येतो. "विचारलंस?" "विचारलं." "काय म्हणाले?" कधी सांगण्यासारखं असतं, कधी नसतं. नसलं तरी त्या म्हणतात, "अच्छा, उद्या बघू."

गेल्या आठवड्यात त्यांच्या फ्लॅटमध्ये नवीन जोडपं राहायला आलं. संध्याकाळी माझी हाक संपते न संपते तोच जोरात बेल वाजली. दारात एक मुलगी, केस विस्कटलेले, हातात पॅकिंगची कात्री, चेहरा संतापलेला.

"दीदी, ये क्या..."

मी ओठांवर बोट ठेवलं, तिचं मनगट धरलं आणि तिला बाल्कनीत ओढत नेलं.

"बोलो मत," मी म्हटलं. "जवाब आने वाला है।"